जुन्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी डाग देऊनही पुन्हा का गळते?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षांचे, काही त्याहूनही जुने ट्रॅक्टर अजून रोज शिवारात जातात. इंजिनाचं काम झालेलं असतं, टायर नवे असतात, पण टाकी पहिल्या दिवसाचीच असते. तक्रारही ठरलेली. बुडाशी ओल आली म्हणून साबण चोळला. थेंब पडायला लागले म्हणून एम-सील लावलं. मग वेल्डिंगचा डाग, म्हणजे जोड, मारून आणला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच डागाशेजारी बोटभर अंतरावर नवं भोक. मधल्या काळात फिल्टर सारखा चोंदतोय आणि उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागली की इंजिन दम सोडतंय.

टाकीसाठी वेल्डर आणि इंजिनासाठी पंप-नोझलवाला (इंजिनात डिझेल दाबून फवारणारे भाग दुरुस्त करणारा), असे दोन्हीकडे पैसे जातात. दुखणं मात्र एकच आहे. टाकीच्या तळाशी पाणी बसलंय. ते पत्रा आतून खातंय आणि खाल्लेल्या पत्र्याचे पापुद्रे डिझेलबरोबर पुढे जाताहेत. ते पाणी आणि तो गंज निघत नाही तोवर बाहेरून दिलेला कुठलाही डाग टिकणार नाही. म्हणून हात घालायचा तो आधी पाण्याला, मग गंजाला, आणि भोकाला सगळ्यात शेवटी.

पाणी आहे का, हे आधी बघा

ट्रॅक्टर सपाट जागेवर रात्रभर उभा ठेवा. सकाळी स्टार्टर मारण्याआधी टाकीच्या तळाचा ड्रेन नट सैल करून काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटरभर काढा आणि बाटली घटकाभर हलवू नका. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मध्ये सरळ रेघ दिसते. बाटली उजेडात धरून हळूच कलंडवली की खालचं पाणी एका गठ्ठ्याने सरकतं, आणि त्याबरोबर विटकरी भुकटी नि नखाएवढे पातळ पापुद्रे. कधी त्या रेघेवरच काळपट, बुळबुळीत थर दिसतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढणारे हे जिवाणू आणि बुरशी. त्यांच्यापासून आम्ल तयार होतं आणि ते पत्र्याला पाण्याहून वाईट खातं. फिल्टर काढल्यावर तो बोटाला चिकट, काळा लागत असेल तर हेच कारण समजा.

ड्रेन नट उघडलाच जात नाही, इतका गंजलाय, असं बऱ्याच टाक्यांत दिसतं. वर्षानुवर्षं तो कुणी उघडलेलाच नसतो, आणि पत्रा खाऊन जाण्याचं मूळ तिथेच आहे. इंजिनाकडे जाणारी नळी मुद्दाम तळापासून थोडी वर घेतलेली असते, गाळ पुढे जाऊ नये म्हणून. त्यामुळे तळाचं पाणी आपोआप कधीच बाहेर पडत नाही. ते हाताने काढावं लागतं.

एक शंका मात्र आधीच मिटवा. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, हवा आत जायला. ते चिखलाने बुजलं की टाकीत हवा ओढली जात नाही, डिझेल पुढे सरकत नाही आणि अर्ध्या तासाने इंजिन बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. लक्षण अगदी चोंदलेल्या टाकीसारखं. इंजिन दम टाकायला लागलं की झाकण सैल करा. सूं असा आवाज येऊन इंजिन उचल घेत असेल तर टाकी सोडवायची गरजच नाही, झाकणाचं भोक तारेने मोकळं करा.

त्याचप्रमाणे, नळीतून तोंडाने किंवा पंपाने टाकीकडे उलटी हवा मारली की ट्रॅक्टर तासभर बरा चालतो नि पुन्हा बसतो, असं होत असेल तर नळीच्या तोंडाशी पापुद्रे अडकताहेत. हवा मारून ते फक्त मागे ढकलले जातात. आणि डिझेल तोंडाने कधीच ओढू नका. चुकून ठसका लागून ते फुप्फुसात गेलं तर दवाखान्यात दाखल व्हायची वेळ येते.

पाणी येतं कुठून

पेट्रोल पंपावर भेसळ झाली, असं लगेच म्हटलं जातं. तशी शक्यता असतेच, पण घरचे रस्ते आधी तपासा, कारण ते जास्त आहेत.

पहिला रस्ता हवेचा. आपल्याकडे जूनला झड लागते ती सप्टेंबरपर्यंत. खानापूरच्या जंगलपट्टीत, जांबोटी-कणकुंबीकडे तर भिंतींनाही पाझर फुटतो. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली) उरकून ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर पडवीत उभा राहतो. दिवसा टाकी तापते, रात्री गार होते. गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढते आणि त्या हवेतली वाफ आतल्या पत्र्यावर दवासारखी धरते. थेंब ओघळून तळाला. रोज थोडं थोडं, पण चार महिने. टाकी जितकी रिकामी, तितकी हवा जास्त आणि तितकं पाणी जास्त. म्हणून पावसाळ्यात काम संपलं की संध्याकाळी टाकी भरून ठेवा, फुगायला चार बोटं जागा सोडून. एवढ्या एका सवयीने टाकीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

दुसरा रस्ता झाकणाचा. मूळ झाकण हरवलेलं, त्याजागी प्लास्टिकची पिशवी नि रबर, किंवा झाकण आहे पण आतला रबरी वायसर नाही. रोपलावणीच्या दिवसांत वरून पाऊस नि खालून चिखल. संध्याकाळी ट्रॅक्टर धुताना मोटारीच्या पाइपाचा फवारा थेट झाकणावर. नवं झाकण घ्या. टाकीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

तिसरा रस्ता कॅन आणि पिंपाचा, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. डिझेलचं पिंप अंगणात उभं ठेवलं की वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं. बूच घट्ट आहे असं वाटत असतं, पण रात्री पिंप गार झालं की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते साचलेलं पाणी आत खेचलं जातं. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं. आडवं जमत नसेल तर एका बाजूला कलतं ठेवा, बूच वरच्या बाजूला. कॅनमधून टाकीत ओतताना शेवटचा तांब्याभर माल कॅनमध्येच राहू द्या. आणि पिंप जस्ताचा मुलामा दिलेलं, म्हणजे जीआय नको. जस्त डिझेलमध्ये हळूहळू विरघळतं आणि पुढे नोझलवर बसतं.

बाहेरून गंजण्याची मुख्य जागा पट्ट्यांखाली. टाकी ज्या पट्ट्यांवर आवळलेली असते त्यांच्याखाली गोणपाट नाहीतर जाड कापड घातलेलं असतं. ते पावसाळाभर ओलं राहतं, त्यात खताची धूळ बसते, आणि युरिया-पोटॅशच्या ओल्या धुळीखाली पत्रा लवकर जातो. तिथे जुन्या ट्यूबची रबरी पट्टी घाला आणि वर्षातून एकदा पट्टा सोडून पुसून घ्या.

गळती नेमकी कुठे

थेंब पडतो तिथे भोक असतंच असं नाही. डिझेल पत्र्यावरून, सांध्यावरून ओघळत लांबवर जातं. टाकी बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि संशयाच्या जागी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर फासा. दहा-पंधरा मिनिटांत पहिला ओला ठिपका उठेल तीच खरी जागा. बऱ्याचदा ठिपका पत्र्यावर न उठता कॉकच्या (डिझेल बंद-चालू करायच्या तोटीच्या) आट्यांशी, गाळ धरणाऱ्या काचेच्या वाटीच्या गॅस्केटशी, ओव्हरफ्लोच्या नळीशी नाहीतर डिझेलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या पॅकिंगशी उठतो. तसं असेल तर एक तांब्याचा वायसर किंवा गॅस्केट बदलून काम भागतं.

पत्र्यावरच ठिपका उठला, तर त्याच्या भोवती पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला बद्द. बद्द आवाजाची हद्द खडूने आखून घ्या. ती आपल्या अंदाजापेक्षा नेहमी मोठी निघते. डाग टिकत नाही तो म्हणूनच: भोक सुईएवढं असतं, पण भोवतालचा वीतभर पत्रा कागदासारखा झालेला असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो आणखी मरतो.

बहुतेक जुन्या मॉडेलांत टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वरच्या अंगाला असते. गळणारं डिझेल गरम सायलेन्सर-मॅनिफोल्डवर किंवा स्टार्टरच्या वायरींवर पडत असेल तर ट्रॅक्टर त्या क्षणी उभा करा आणि बॅटरीची तार काढा. सुगीची घाई आहे म्हणून तसाच चालवू नका. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण तापलेल्या लोखंडावर त्याची वाफ होते नि ती पेटते.

शेतातच अडकला असाल आणि घरापर्यंत यायचं असेल तर कपडे धुण्याचा साबण पिठासारखा मळून भोकात दाबून बसवा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे दिवसभर धरतो. एम-सीललाही पत्रा कोरडा, खरवडलेला आणि तेलकटपणा नसलेला लागतो. गळत्या टाकीवर हे जमत नाही, म्हणून ते सुटतं.

वेल्डिंगआधी, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

खानापूर रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं देतो, कारण यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही.

"मालक, टाकीत काय होतं?"

"डिझेलच. पण परवाच रिकामी केलीय."

"रिकामी आहे म्हणूनच हात लावत नाही. भरलेली एक वेळ परवडली. धुऊन आणा, इथे पाणी भरू, मग लावतो."

त्या मेस्त्रींचं शब्द न् शब्द बरोबर आहे. भरलेल्या टाकीत हवा नसते. रिकाम्या टाकीत हवा असते, आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली, सांध्याच्या दुमडीत डिझेल मुरलेलं असतं. बाहेरून ज्योत लागली की ते आत वाफ होऊन हवेत मिसळतं, आणि अशा मिश्रणाला एक ठिणगी पुरते. टाकी फुटते ती बाँबसारखी नव्हे, बाँबच होऊन. चार दिवस उन्हात ठेवली, वास येत नाही, यावर भरवसा ठेवू नका.

टाकी ट्रॅक्टरवरून खाली काढा. फ्लोट, कॉक, नळ्या, झाकण सगळं सोडवा. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून खळखळून हलवा, ओता, पुन्हा घ्या. पाण्यावर तेलाची तवंग दिसेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवा. धुवायला पेट्रोल किंवा थिनर अजिबात वापरू नका. मग वेल्डरकडे टाकी अशी कलती ठेवा की भोक सगळ्यात वर येईल, आणि भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरा. आत हवेला जागा उरता कामा नये, आणि तोंड व बाकीची भोकं उघडी हवीत, वाफेला बाहेर पडायला. ब्रेझिंग (पितळेने जोडणं) असो, झाळणं (कथलाने जोडणं) असो, गॅस असो, ज्योत किंवा ठिणगी जिथे आहे तिथे हा नियम.

सायलेन्सरचा धूर टाकीत सोडला की आतली हवा मरते आणि मग वेल्डिंग चालतं, असं काही जण सांगतात. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. इंजिन नुसतं फिरत असताना डिझेलच्या धुरात भरपूर प्राणवायू शिल्लक असतो. त्याने हवा मरत नाही.

जो वेल्डर न धुतलेली टाकी "द्या इकडे, दोन मिनिटांचं काम" म्हणत घेतो, त्याच्याकडून टाकी परत घ्या.

गंज काढणं

वेल्डिंगच्या आधी गंज काढायचा, नंतर नाही. गंज गेला की खरी भोकं दिसतात. एक भोक घेऊन आलेल्या टाकीत पाच निघतात, आणि ती आत्ता निघालेली बरी.

धुतलेल्या टाकीत मूठ-दोन मूठ जुने नट किंवा सायकलच्या साखळीचे तुकडे आणि थोडं पाणी घाला. दोघांनी धरून हलवली तरी चालते. टाकी लहान असेल तर गोधडीत गुंडाळून, जॅकवर उचललेल्या मागच्या चाकाला दोरांनी घट्ट बांधून चाक हाताने सावकाश फिरवतात. इंजिन लावून फिरवू नका. वरचे पापुद्रे याने झडतात. आत घातलेले नट मोजून घाला आणि मोजून काढा.

उरलेल्या गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. लिटरला 50 ग्रॅम या हिशेबाने कोमट पाण्यात विरघळवा. टाकी काठोकाठ भरायची गरज नाही. दहा-पंधरा लिटर करून आधी तळ, मग एकेक बाजू खाली ठेवत चला. भोकं आत्तापुरती रबर लावलेल्या स्क्रूने बंद करा. इथे साबण कामाचा नाही, तो पाण्यात विरघळतो. रात्रभरात पत्रा राखाडी दिसायला लागतो. बाथरूम साफ करायचं तेजाब वापरायचा मोह टाळा. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, त्याचा धूर छातीला लागतो, आणि सांध्यात उरलेला अंश पुढे महिनाभर गंज आणत राहतो. कुठलंही आम्ल वापरताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचे भाग आधी काढलेले असू द्यात.

आम्ल ओतून दिलं की सोड्याच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा खळबळा, आणि तिथून पुढे वेळ घालवू नका. उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता तांबूस होतो. लगेच वेल्डिंगला न्यायची असेल तर गरम हवेच्या ब्लोअरने कोरडी करा. वेल्डिंग झाल्यावर तो लालसरपणा काढायला हाच प्रकार थोडक्यात पुन्हा, मग कडकडीत वाळवून दोन लिटर डिझेल आत फिरवून सगळ्या बाजूंना लावा.

डाग कसा द्यायचा

टणक पत्र्यावर सुईएवढं एखाददुसरं भोक असेल तर झाळणं पुरतं. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांचा हात यात बसलेला असतो. बद्द आवाजाचा पट्टा असेल तर तो आखल्या रेषेच्या बाहेरून कापून काढा आणि नवा तुकडा बसवा, 16 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड), म्हणजे जस्त नसलेला साधा पोलादी पत्रा. जीआय पत्रा नको, कारण वर सांगितलंच, शिवाय वेल्डिंगला त्याचा धूर विषारी. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला नवी भोकं पडतात. सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आवरणात तारेने होणारं) किंवा गॅसवर ब्रेझिंग करून घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात ही सोय आहे. आतून रेड ऑक्साइड किंवा साधा रंग मारू नका. डिझेलने तो मऊ पडून सोलपटून निघतो आणि तुम्ही नवा गाळ तयार करून ठेवता. सिलिकॉनही डिझेलमध्ये फुगतं.

तपासणी साबणाच्या फेसाने करा. भोकं बंद करून सायकलच्या पंपाने दोन-चार हलके दाब पुरेत. कॉम्प्रेसर लावू नका, टाकीचा पत्रा फुगून सांधे उकलतात.

पुन्हा जोडताना

नवी झालेली टाकी जुन्या फिल्टरला जोडली तर मेहनत वाया. दोन्ही फिल्टर बदला, काचेची वाटी धुवा, टाकीपासून पंपापर्यंतची नळी हवा मारून साफ करा. काढलेलं जुनं डिझेल दोन दिवस निवळू द्या, वरचं कापडातून गाळून वापरा, तळाचं हत्यारं धुवायला ठेवा.

मग एअर, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा, काढणं. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारा, फेस जाऊन सलग धार आली की आवळा. मग इंजिनाच्या डिझेल पंपावरचा. तरी इंजिन धरत नसेल तर नोझलकडच्या पाइपांचे नट आट्यापुरते सैल करून स्टार्टर मारा, हात तिथून लांब ठेवून. पहिले काही दिवस रोज सकाळी तळाचा नट सैल करून कपभर डिझेल बाटलीत बघत चला. पंपाच्या प्लंजर-बॅरलमधली (दट्ट्या आणि त्याच्या नळकांड्यामधली) फट मायक्रॉनमध्ये असते. तिथे गेलेलं थोडंसं पाणीही टाकीच्या सगळ्या कामापेक्षा महाग पडतं.

बद्द आवाज तळाच्या अर्ध्याहून जास्त भागात असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. महिंद्रा, मॅसी, स्वराजच्या टाक्या बाजारात मिळतात. एचएमटीवाल्यांची अडचण खरी आहे. कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्राने 2016 मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे मूळ पार्ट शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा जुनी टाकी नमुन्याला देऊन पत्राकाम करणाऱ्याकडून नवी करून घ्या. सांगताना तीन गोष्टी सांगा: तळ एका बाजूला थोडा उताराचा, ड्रेन नट त्या उताराच्या सगळ्यात खालच्या टोकाला, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून इंचभर वर. आत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवी पट्टी जुनीत असेल तर नवीतही हवी. रंगवायच्या आधी टाकी घरी आणून फेसाची तपासणी स्वतः करा, कारण रंग बारीक भोक काही दिवस झाकून ठेवतो.